जीपला पायरी हवी

जीपच्या दाराखालचा पत्रा चेपला तेव्हा आमच्या घरात तीन मतं निघाली, आणि माणसंही तीनच आहेत. आई म्हणाली, जीप विकून टाका. बाबा म्हणाले, पत्रा ठोकून घे आणि खाली चांगला जाड पाइप लाव, म्हणजे पुढच्या वेळी दगड पाइपवर येईल. मी म्हणाले, पाइप नको, पायरी लावू या. रुंद, खाली आलेली, सहज पाय टाकता येईल अशी. त्यावर बाबा इतके हसले की मी जीपला झालर लावायची म्हटलं असतं तरी एवढे हसले नसते.

मी जनावरांची डॉक्टर आहे. डोंगरातल्या वस्त्यांवर गाई अडतात, शेळ्या फुगतात, मेंढ्या लंगडतात, आणि हे सगळं नेमकं तिथे होतं जिथे रस्ता संपलेला असतो. म्हणून मी ही जुनी, उंच, चारही चाकांना जोर असलेली जीप घेतली. ऑटोमॅटिक आहे. क्लच नाही म्हटल्यावर बाबांनी तोंड असं केलं की जणू घरात जावई आला आणि त्याला बोलताच येत नाही. उभं आयुष्य त्यांनी ट्रक चालवला. डाव्या पायाला काम नसलेली गाडी त्यांच्या लेखी गाडीच नव्हे.

तरी ते निवृत्त झाले आणि त्याच गाडीत येऊन बसले. झालं असं, की घरी बसल्यावर पहिल्याच आठवड्यात त्यांनी स्वयंपाकघरातल्या डब्यांच्या जागा बदलल्या. आईने मला फोन केला, "ह्यांना घेऊन जा गं तुझ्याबरोबर, नाहीतर मी कुठेतरी निघून जाते." तेव्हापासून बाबा माझे क्लीनर. शब्द त्यांचाच. माझी सीट उजवीकडे, त्यांची डावीकडे, पायाशी औषधांची पेटी, आणि तोंडाची टकळी अखंड चालू.

क्लीनरचं खरं काम ओढ्यावर असायचं. वस्त्यांकडे जाणारी वाट एका कोरड्या ओढ्यातून जाते आणि त्यात लहान-मोठे दगड नुसते विखुरलेले. तिथे आलो की बाबा खाली उतरायचे, जीपच्या पुढे उलटे चालायचे आणि हाताने सांगायचे. तळवा इकडे केला की इकडे वळ, तिकडे केला की तिकडे, मूठ मिटली की थांब. मी त्यांच्या हाताकडे बघत गाडी काढायचे. दिवसातून चार वेळा ओढा लागला तर ते चार वेळा उतरायचे आणि चार वेळा चढायचे. मला त्यात कधी काही वाटलं नाही. लेकीला बापाच्या चढण्या-उतरण्याचं काय वाटणार?

पत्रा चेपला त्या दिवशी ते उतरले नाहीत. "चल, चल, मला इथूनच दिसतंय," म्हणाले. मला नवल वाटलं, पण वस्तीवर गाय अडली होती आणि मी घाईत होते. ओढ्याच्या मध्यावर ते म्हणाले, "डावीकडे घे."

डावीकडे एक टोकदार दगड होता. मला तो स्पष्ट दिसत होता. त्यांच्या बाजूने तो बॉनेटआड गेला असणार. स्टिअरिंगच्या चाकावर माझा हात क्षणभर अडला.

"घे की," बाबा म्हणाले.

मी घेतली. पुढचं चाक दगडाच्या पुढे गेलं आणि गाडी दाराखालच्या पत्र्यासकट त्या दगडावर बसली. कर्रर्र आवाज झाला. पत्रा आत गेला, दार जाम झालं, आणि बाबांना सीटवरून सरकत सरकत माझ्या बाजूने बाहेर यावं लागलं. त्यांनी खाली वाकून पाहिलं आणि त्यांचा चेहरा पार उतरला. म्हणून मी पटकन म्हणाले, "माझंच लक्ष नव्हतं." आम्ही जॅक लावून गाडी सोडवली, गाईला मोकळं केलं, आणि येताना बाबांची टकळी पहिल्यांदाच बंद होती.

दुसऱ्या दिवशी आईने पालेभाजी निवडता निवडता सांगितलं, "गुडघा गेलाय त्यांचा. डावा. कधीपासून लपवतायत. मला शपथ घातलीय तुला सांगायचं नाही म्हणून."

"मग सांगतेस कशी?"

"शपथ त्यांनी घातली, मी थोडीच घेतली? डॉक्टर म्हणाले, चाला, फिरा, फक्त त्या पायावर सगळं अंग उचलू नका. आणि हे काय करतात, तर तुझ्या त्या घोड्यावर चढतात-उतरतात."

तेव्हा मला सगळा उलगडा झाला. ते का उतरले नाहीत, आणि आता जाड पाइपच पाहिजे म्हणून का हटून बसलेत. तसला पाइप चासीला, म्हणजे गाडीच्या सांगाड्याला, लागून वर, उंच बसतो. उंच असतो म्हणून तर दगडावर अडकत नाही. पण त्यावरून बाबांना चढता येणार नाही. एकदा तो लागला की पायरीला जागाच नाही, म्हणजे बाबांचं येणं बंद, आणि तेही कसं, तर गुडघ्याचं नावसुद्धा न काढता. माणूस किती आतल्या गाठीचा असावा! मला राग आला. पण त्याहून जास्त भीती वाटली. त्यांच्याशिवाय मला त्या वाटेवर जायचं नव्हतं. वाट चुकेन म्हणून नाही, एकटी पडेन म्हणून. मी चाळिशी ओलांडलेली बाई आहे, आणि हे असं आहे.

म्हणून मी मनाशी ठरवलं, काहीही झालं तरी खाली येणारी पायरी घ्यायची.

गाड्यांच्या सामानाचं दुकान हमरस्त्याला लागून आहे. मालकाला आम्ही गॅरंटीवाले म्हणतो, कारण त्यांच्या प्रत्येक वाक्यात निदान एक गॅरंटी असते. भिंतीवर पायऱ्या आणि पाइप ओळीने टांगलेले, खाली रबराचा वास, आणि मधोमध माझ्या जीपच्याच जातीची एक जीप, दोन्ही बाजूंना काळा जाड पाइप बसवलेली.

मी सरळ जाऊन रुंद पायरीवर हात ठेवला. चकचकीत होती, वर खरखरीत पट्टी, पाय घसरू नये म्हणून.

"उत्तम निवड," गॅरंटीवाले म्हणाले. "घरातल्या सगळ्यांना सोयीची. गॅरंटी."

"दगडावर चालेल का?" बाबांनी विचारलं.

"दगडावर म्हणजे, कसा दगड आहे त्यावर…"

"जॅक आहे का?"

गॅरंटीवाल्यांच्या चेहऱ्यावरची गॅरंटी जरा ढळली. पण मागे एका गाडीला तसलीच पायरी लावलेली होती, बदलायला आलेली. बाबांनी तिच्याखाली जॅक लावला आणि दांडा मारायला लागले. गाडी काही उचलली गेली नाही. पायरीच वर आली, तिचा ब्रॅकेट वाकला आणि ती दाराला जाऊन चिकटली.

"ही समारंभाला जायची पायरी," बाबा म्हणाले. "साडी सावरत उतरायला बरी. आता तो पाइप बघू."

पाइपखाली जॅक लावला तेव्हा जीपची अख्खी बाजू उचलली गेली आणि पुढचं चाक जमिनीवरून सुटलं. पाइप जराही हलला नाही. बाबांनी त्यावर थाप मारली, वाकून बोल्ट पाहिले, चासीलाच जखडलेत, पत्र्याला नाही, याची खात्री केली. पाइप बाहेरच्या बाजूला किंचित वर उचललेला होता, तेही त्यांना आवडलं. दगड लागला तर गाडी अडून न बसता घसरून पुढे जाते, असं त्यांनी मला समजावलं. इतके खूश दिसत होते की मला त्यांचा गळा धरावासा वाटला.

"मोटरवाली पायरी आहे आमच्याकडे," गॅरंटीवाले माझ्याकडे बघत म्हणाले. "दार उघडलं की आपोआप खाली, दार लावलं की वर. दोन्ही कामं होतात."

"चिखलात?" बाबांनी विचारलं.

"चिखलात जरा धुवावी लागते."

"रोज?"

"रोज म्हणजे… हो, रोज."

"तर मग तिला आंघोळ घालायला आणखी एक माणूस ठेवावा लागेल," बाबा म्हणाले. "पाइपच बांधा."

"थांबा," मी म्हणाले. "बाबा, आधी ह्या जीपमध्ये बसून दाखवा. पाइपवरून."

"बसायचं काय त्यात? बसतो रोज."

"रोज बसता ना? मग आज बसा."

"उगाच काय गं. दुकान आहे हे."

"बसा म्हटलं ना!"

माझा आवाज चढला. एक गिऱ्हाईक वळून बघायला लागलं. बाबांनी माझ्याकडे पाहिलं, मग डाव्या दाराशी गेले. आतली मूठ धरली, डावा पाय पाइपवर ठेवला आणि अंग उचललं. अर्ध्यावर गुडघा लटपटला आणि ते खाली आले. पुन्हा पाय ठेवला. ह्या वेळी अंग उचललंच गेलं नाही. गॅरंटीवाले कोपऱ्यातलं स्टूल आणायला निघाले, तर बाबांनी हातानेच त्यांना थांबवलं. मला माझीच लाज वाटली. चार लोकांत बापाला असं उघडं पाडायचं होतं का मला? मला फक्त त्यांनी एकदा तोंडाने सांगायला हवं होतं.

"गुडघा गेलाय माझा," बाबा म्हणाले. पण माझ्याकडे बघून नाही, गॅरंटीवाल्यांकडे बघून.

"मला माहीत आहे," मी म्हणाले.

"कुणी सांगितलं?"

"कोण सांगणार?"

"घरी गेलो की बघतोच तिच्याकडे."

"बघा. ती कधीपासून वाट बघतेय."

गॅरंटीवाले बिचारे जॅक पुसत बसले. बाबांनी पाइपवर हात टेकला आणि आवाज खाली आणून म्हणाले, "हे बघ, पाइपच लावायचा. मी उतरलो नाही म्हणून त्या दिवशी दार गेलं. उद्या जीप कलंडेल. गाडीला काय हवंय ते बघायचं, मला काय हवंय ते नाही. मी काय, राहीन घरी."

"आणि आईचे डबे हलवाल."

"मस्करी नको करू."

"मी मस्करी करत नाही! तुम्ही न विचारता स्वतःला गाडीतून खाली उतरवलंत आणि वर मला पाइप निवडायला घेऊन आलात. हे बरं आहे. मला एका शब्दाने विचारलंत?"

पुढे बोलले असते तर रडले असते. म्हणून मी सरळ त्या दुकानातल्या जीपमध्ये चढले, डाव्या सीटवर बसले आणि दार लावून घेतलं. लहानपणी रुसले की ट्रकच्या केबिनमध्ये जाऊन बसायचे, तशी. वय वाढलं म्हणून माणूस फार बदलतो असं नाही.

बाबा काचेबाहेर उभे राहिले. मी समोर बघत राहिले. त्यांनी काचेवर टकटक केलं, मी मान फिरवली. मग ते चरफडत जीपला वळसा घालून पलीकडे आले, उजवं दार उघडलं आणि बोलतच आत आले, "हे बघ, तुझी आई पण अशीच करते, तुम्ही दोघी मिळून मला…"

"काका," गॅरंटीवाले बाहेरून म्हणाले, "चढलात की तुम्ही."

बाबा बोलायचे थांबले. ते स्टिअरिंगसमोर बसले होते. त्यांनी खाली पाइपकडे पाहिलं, मग स्वतःच्या पायांकडे.

"पुन्हा करा," मी म्हणाले.

ते उतरले, आणि पुन्हा चढले. आता आम्ही तिघेही नीट बघत होतो. उजव्या दाराने चढताना उजवा पाय पाइपवर, हात स्टिअरिंगला, सगळा भार उजव्या पायावर, आणि डावा मागून नुसता आत येतो. उभा जन्म ते असेच चढले होते. डावीकडे बसायची सवय त्यांना माझ्यामुळे लागली, आणि तिकडून सगळं उलटं होतं. तिकडे भार डाव्यावर येतो.

"आणि आत बसल्यावर डाव्याला कामच नाही," मी म्हणाले. "क्लच कुठे आहे?"

बाबांनी खाली बघितलं. क्लच नसल्याचा त्यांना पहिल्यांदाच राग आला नाही.

"मग चालवायचं तुम्ही," मी म्हणाले.

"आणि ओढ्यात वाट कोण दाखवणार?"

"मी उतरेन."

"तुला येतं का?"

"नाही येत. शिकवा."

बाबांनी स्टिअरिंगवर हात ठेवले. मग खिडकीतून म्हणाले, "अहो, पाइप दोन्ही बाजूंना बांधा. आणि बोल्ट माझ्यासमोर आवळायचे." गॅरंटीवाले म्हणाले, "गॅरंटी."

पाइप बसला, दार ठोकून सरळ झालं, गुडघ्याच्या डॉक्टरांना विचारून झालं. गाडी चालवायला हरकत नाही म्हणाले, आणि आईने हात जोडले, डॉक्टरांना की देवाला ते कळलं नाही. दोन-तीन दिवस बाबांनी मला घराजवळच्या मोकळ्या पटांगणात विटा मांडून हात कसे दाखवायचे ते शिकवलं. मी डावं-उजवं सतत उलट करायचे, कारण उलटं चालताना माझं डावं ते त्यांचं उजवं. ते ओरडायचे, मी ओरडायचे. शेजारचे खिडकीत येऊन बघायचे.

मग वस्तीवरून फोन आला. एका शेळीच्या पायात काहीतरी घुसलं होतं आणि पाय सुजला होता. आम्ही निघालो. बाबा चालवत होते, मी डावीकडे, पायाशी पेटी. टकळी पुन्हा चालू झाली होती. ओढा आला, मी उतरले आणि पुढे गेले.

पहिला अर्धा भाग नीट पार पडला. मग मोठे दगड आले. मी बघून ठेवलं होतं, उजवीकडच्या चपट्या दगडावर चाक चढवलं की पुढची वाट मोकळी. मी हात केला. जीप थांबली.

मी पुन्हा हात केला, जोरात. बाबांनी मान हलवली. नाही.

"या की! मोकळं आहे!" मी ओरडले.

"मला दिसत नाही," बाबांनी खिडकीतून डोकं काढून सांगितलं.

"मला दिसतंय ना!"

"असेल. मला नाही दिसत. चाक माझ्या हातात आहे. मला पटेपर्यंत मी नाही घालणार."

माझा पारा चढला. इतके दिवस मी डोळे मिटून त्यांच्या हातावर गाडी घातली, आणि माझा हात एकदा मानायची वेळ आली तर हे असं. मी खिडकीशी गेले आणि हे सगळं त्यांना ऐकवलं. ते शांतपणे ऐकत होते.

"झालं?" ते म्हणाले. "आता ऐक. त्या दिवशी तो दगड तुला दिसला होता. तुझा हात चाकावर अडला होता, मी बघितला. तरी तू घातलीस."

मी दाराची कड धरली.

"आणि वर म्हणालीस, लक्ष नव्हतं. मला बरं वाटलं गं तेव्हा. बापाची बाजू सांभाळली पोरीने. पण घरी आल्यावर घास उतरेना. म्हटलं, मी बाजूला बसलो की ही स्वतःच्या डोळ्यांना नाही विचारत, मलाच विचारते. म्हणून मी यायचं बंद करणार होतो. गुडघ्याचं काय, गुडघा कसाही फरफटत आणला असता मी."

"मग तेव्हाच बोलला का नाहीत?"

"तू तरी कुठे बोललीस?"

मी तिथेच, ओढ्याच्या मधोमध, जीपच्या दाराला धरून रडले. राग होता, सुटल्यासारखंही वाटत होतं, आणि हा माणूस मला इतका आवडतो हे त्या क्षणी फार झालं. बाबांनी मला रडू दिलं. मग म्हणाले, "चल, दाखव मला. नुसता हात करू नको. दाखव."

मी डोळे पुसले, त्या चपट्या दगडावर जाऊन उभी राहिले आणि कुठे चाक चढवायचं ते पायाने आपटून दाखवलं. त्यांनी गाडी थोडी मागे घेतली, मान उंच करून बघितलं, मला दगडावरून उतरायला सांगितलं आणि आले. चाक दगडावर चढलं, पुढे उतरलं, आणि गाडी खाली बसता बसता पाइप दगडाला लागला. खरखर आवाज करत गाडी त्यावरून घसरली आणि पलीकडे गेली. दाराला काही झालं नाही. पाइपवरचा काळा रंग तेवढा हातभर निघाला.

बाबांनी पुढे जाऊन गाडी थांबवली. मी धावत गेले, चढले आणि दार लावलं. त्यांनी ॲक्सिलरेटर दाबला. इंजिन गुरगुरलं, गाडी मागून दाबून धरल्यासारखी जागच्या जागी कण्हत राहिली.

"बाबा, हँडब्रेक."

"माहीत आहे. तू सांगतेस का ते बघत होतो."

मी त्यांच्याकडे बघितलं. त्यांचे कान लाल झाले होते.

"विसरलात तुम्ही," मी म्हणाले.

त्यांनी ॲक्सिलरेटरवरून पाय काढला.

"विसरलो," ते म्हणाले, आणि हँडब्रेक काढला.